उजवी काच

आरोंद्याच्या नाक्यावर हवालदाराने बोट खाली केलं,
म्हणून मी काच खाली केली.
कागद बघून झाले. तो म्हणाला, जावा.
काच तिथेच राहिली, दाराच्या पोटात,
आणि मी वेंगुर्ल्यापर्यंत आलो
उजव्या कानात सगळा वारा घेऊन.

गाडी एकतीस वर्षांची. दोनच माणसांची. लाल होती,
आता उन्हाने गाजरी.
रात्री बटण दाबलं की बॉनेटमधून दिवे वर येतात
झोपमोड झालेल्या बेडकाच्या डोळ्यांसारखे,
एक आधी, एक मागाहून.
आधीच्या मालकाने ती सात वर्षं शिरोड्याला ठेवली,
मिठागरांच्या वाऱ्यात, नुसती ताडपत्री घालून.
विकताना हे त्याने सांगितलं नाही.
मीही विचारलं नाही. आत बसून पाहिलं
आणि पैसे मोजले.

काच अडली म्हणजे मोटर गेली, एवढंच मला ठाऊक.
कोल्हापूरहून नवी मागवली, बेचाळीसशे.
खोकं काखेत मारून बस्त्यावकडे गेलो.
त्याचं दुकान म्हणजे एक फणस, एक बाकडं,
बॅटऱ्यांची रांग,
आणि रांगेत मधेच राक्षसाचा मुकुट:
जत्रांच्या दिवसांत तो दशावताराच्या लायटी बघतो,
मुकुटात बल्ब बसवायचे राहिले होते.

खोक्याकडे त्याने पाहिलंही नाही.
"बटन दाब. गप रव. आयक."
दाबलं.
"काय आयकलंस?"
काहीच नाही.
"मगे मोटर मेली कशावरून? मरताना कोणय कण्हता तरी."

फ्यूज काढला, उन्हाकडे धरला, परत लावला.
डावीकडचं बटण उजवीला जोडलं. काच ढिम्म.
उजवीकडचं डावीला. डावी काच
खाली गेली, वर आली, जणू तिचा काही संबंधच नाही.
मग दार सोललं.
आतून एक कंगवा निघाला आणि ओंजळभर वाळू.
बॅटरीच्या दोन तारा थेट मोटरला टेकवल्या
तशी काच वर आली, झटक्यात,
वाटेत कुठेही न कुरकुरता.
"हिचा काय चुकला?" बस्त्याव म्हणाला.
खोकं बाकड्याखाली सरकलं. मीच सरकवलं.

"आता दार धर. सावकाश उघड. सावकाश झाक. परत."
तो आत बटण दाबून बसला,
मी दार हलवत उभा.
बंदरावरून येणाऱ्या दोघी पाट्या सावरत थांबल्या,
वारा घालताहात काय गाडीला, म्हणाल्या.
आणि एका जागी, अर्ध्याच्या जरा अलीकडे,
काच हलली. बोटभर.
दार पुढे नेलं, मेली. मागे आणलं, मेली.
तेवढ्या एका कोनात तिला जीव.
"म्हणजे दार उघडं ठेवून गाडी चालवू?"
"चलय मगे. हवालदाराक बरा पडतला."

बिजागरीपाशी, दार आणि खांबाच्या मधे,
एक रबरी नळी असते, अंगठ्याएवढी जाड.
दार उघडलं की ती सरळ होते, मिटलं की दुमडते.
नळी धड होती. आतली तारही वरून धड,
कातडं चकचकीत.
बस्त्यावने चिमटीत धरून ओढली
तर रबरासारखी लांबली.
आत तांबं नव्हतं. हिरवी पूड होती.

नवी तार त्याने वीतभर जास्तच घेतली.
एवढी कशाला, मी विचारलं.
"वळाक जागा नको?"

साडेतीनशे झाले.
कोल्हापूरवाला मोटर परत घेत नाही.
ती आता फ्रीजवर असते, खोक्यात,
बायको त्यावर विजेची बिलं ठेवते.
निघताना बस्त्याव मुकुटातून मान वर न काढता म्हणाला,
"रोज दोनय काचो खाली वर कर. वारो नको आसलो तरी.
मीठ थांबलेल्यार बसता."

काल परत आरोंदा. तोच हवालदार,
खुर्चीत, मोबाइलमध्ये.
न बघताच त्याने हात हलवला, जावा.
मी थांबलो. काच खाली केली.
"काय?" तो म्हणाला.
काही नाही, म्हटलं,
आणि वर केली. पूर्ण.