ताट न मांडता

भरमाच्या पोटात पू झाला तेव्हा
मी शहापूरच्या खानावळीत
एकशे चाळिसावी भाकरी थापत होते.
आतडं दोन दिवस आधीच फुटलं होतं, म्हणे.
हा माझा धाकटा, ओवा चावत
खानापूरच्या गाडीतनं तांदळाची पोती उतरवत राहिला.

सिव्हिलात रात्री पोट उघडलं, धुतलं,
दोन्ही कुशींत नळ्या ठेवल्या.
तोंडानं काही नाही, पाणीसुद्धा नाही,
अशी कन्नडात पाटी खाटेला.
पाचव्या दिवशी मला ती वाचता आली.

"ताप त्याचंच मांस खाऊलाय,"
तरणा डॉक्टर म्हणाला, निपाणीकडचा असावा.
"मांड्या, दंड.
लाकूड संपलं की घराची दारं चुलीत घालावीत तसं."

मग मानेच्या शिरेला ती बाटली लागली.
फिकट पिवळी, वरणाच्या निवळीसारखी,
ना हळद, ना मीठ, ना वास.
उजेड लागू नये म्हणून वरनं काळी पिशवी.
लेबलावर नावं: ल्युसीन, व्हॅलीन, लायसीन,
लांबच्या गावचे सोयरे असावेत तशी,
ओळख नाही, पण मान राखायचा.
"डाळीचा शेवटचा कण," डॉक्टर म्हणाला,
"याहून बारीक चावता येत नाही."

तीस वर्षं मी लोकांना वाढते.
दुसऱ्या भाकरीला कोण हात आडवा धरतो
आणि कुणाला ती हवीच असते, मला पाठ आहे.
इथं यंत्र वाढतं,
तासाला सत्तर मिली.
आग्रह नाही. चुकलं की तेवढं बोंबलतं.

बोट टोचून साखर, पिशवीतलं मूत,
सगळे आकडे मी खानावळीच्या वहीत
उधारीच्या मागल्या पानावर लिहिते.

भूक मला लागते.
भावजयीनं धाडलेली भाकरी
जिन्याखाली, भिंतीकडं तोंड करून गिळते.
हात दोनदा धुते. तरी वास राहतो.

तो डोळे मिटूनच विचारतो,
"आज आमटी कसली केल्तीस?"
"काळ्या वाटाण्याची."
खानावळ अकरा दिवस बंद आहे.

रात्रपाळीची गंगव्वा सिस्टर येते,
सगळ्यांना विचारते तसं, सवयीनं,
"ऊट आयता?"
आणि जीभ चावते.

मी बाटलीकडं बघते. अर्ध्याच्या खाली.
"जेऊलाय," म्हणते,
"सावकाश जेऊलाय."