पहिली चार बोटं

आजच्या धकाधकीच्या युगात
निबंधलेखनाला अनन्यसाधारण महत्त्व आहे.

नको. हे खोडते.

दहावी ब. बावन्न वह्या.
पूर्व भागातल्या आमच्या शाळेचा पत्रा
मार्च लागायच्या आधीच तव्यासारखा तापलेला,
आणि मी लाल पेन घेऊन
एकाच दारातून बावन्न वेळा आत जातेय.
विषय: आमच्या घरातील एक वस्तू.
गुरुसिद्ध हत्तुरेचा पंखा
अनादी काळापासून फिरतोय.
मुजम्मिलची सायकल
विज्ञानाच्या देदीप्यमान प्रगतीवर स्वार.
लावण्या येमुलनं आईच्या सुपाआधी
‘माणूस हा समाजशील प्राणी आहे’ असं लिहून
खाली पट्टीनं रेघ मारलीय, सरळ,
जणू आता कुणी काही विचारणार नाही.

दोष त्यांचा नाही.
मीच फळ्यावर लिहून दिलं होतं:
प्रस्तावना, दोन गुण.
माझ्या बाईंना त्यांच्या बाईंनी दिलेलं वाक्य
आम्ही हंड्यासारखं हातोहात पुढे सरकवलं.
आत पाणी आहे का,
वाकून कुणी पाहिलं नाही.

म्हणून काल वर्गात उदाहरण दिलं.
सोलापूरच आहे, म्हटलं,
माग तर सगळ्यांच्या कानात.
‘मुलांनो, पहिला परिच्छेद म्हणजे ताणा.
तो घट्ट, तर चादर घट्ट.’
स्वतःवरच खूश होऊन खडू खाली ठेवला.

लावण्या उभी राहिली, हात वर न करता.
‘तसं नसतंय ओ बाई.
नवा भीम चढवला की
पहिली चार बोटं कापड बादच जातंय.
फणीत एखादा दोरा चुकलेला असतंय,
कुठं सैल, कुठं ताण,
मोराची मान शेपटाकडं निघतीय.
नायना बघतेत, नीट करतेत, विणत राहतेत.
मग ती पट्टी कापून टाकतेत.
गिऱ्हाइकाला कोण दावतंय ती?’

वर्ग हसला. माझ्या ताण्याला.
मी विचारलं, ‘मग आधी विणायचीच कशाला?’
‘न विणता कळणार कसं, कुठं चुकलंय?’
‘आणि कापलेल्या पट्टीचं काय करता?’
‘आई सूप पुसती.’

घंटेला दहा मिनिटं होती.
म्हटलं, पहिला परिच्छेद कापा.
काहींनी रेघ मारली, काहींनी पानच फाडलं.
मागच्या बाकावर दोघं तिघं
काही उरलंच नाही म्हणून माझ्याकडे बघत बसले.
त्यांना काय सांगायचं, मलाही सुचलं नाही.

आज त्या वह्या.
गुरुसिद्ध: आमचा पंखा तीन नंबरवरच चालतो.
काकांना थंडी वाजते, म्हणून बंद करतात,
मग काका सोडून कुणीच झोपत नाही.
मुजम्मिल: विजापूर वेशीत सायकल पंक्चर झाली
त्या दिवशी अब्बा माझ्याशी पहिल्यांदा खोटं बोलले.
(पुढं सगळं पंक्चरविषयीच.
खोटं काय, ते लिहिलेलं नाही.
समासात प्रश्नचिन्ह काढलं, मग पुसलं.)
लावण्या:
हजार विड्या झाल्याशिवाय
आईची मांडी मोकळी होत नाही.
लहानपणी मी सुपाच्या जागी
बसायची वाट बघायचे.

हे वाक्य आधीही होतं तिच्या वहीत.
तिसऱ्या परिच्छेदात, सातव्या ओळीत,
समाजशील प्राण्याच्या मागे
रांगेत उभं.
मी तिथं बरोबरची खूण करून
पान उलटलं होतं.

आता प्रश्न दोन गुणांचा.
बोर्डाचा तपासनीस कुठल्या गावचा असेल,
त्याच्या कानात कुठलं यंत्र असेल, कुणास ठाऊक.
प्रस्तावना शोधत तो वरपासून खाली येईल,
सापडली नाही तर?
तिला सांगू का, परीक्षेपुरती
एक पट्टी राहू दे म्हणून?

पेनाचं टोपण उघडंच.
मागच्या बोळात कुणीतरी
नवा भीम चढवलाय रात्रीचा.
खट्. थांबतं.
खट् खट्. थांबतं.
जुळत नाहीये अजून.