साठ महिने

व्हर्ना हलावातीनं बुटांचा खोका टेबलावर ठेवला.
साइझ साडेदहा. ऑर्व्हलचा.
आत बँकेची स्टेटमेंट्स, रबरबँड लावलेली,
दर वर्षाला निराळ्या रंगाचा.
लोरेनवर सरोवराकडून बर्फ येत होता
आणि तिनं पहिलं विचारलं ते मीटरचं:
एक तास भरलाय, पुरेल ना?

वकीलसाहेब बोलतात, मी टाइप करते. एकोणीस वर्षं.
मेडिकेडला मागचे साठ महिने दाखवावे लागतात,
पै न पै कुठून आली, कुठे गेली.
घर राहील, तुम्ही त्यात राहता तोवर.
एक गाडी राहील. बोटातली अंगठी राहील.
दफनाचे पैसे आधीच भरून टाकले तर तेही राहतील.
उरलेलं खर्च करत करत
आखलेल्या रेषेखाली आणायचं,
मग नर्सिंग होमचं बिल सरकार उचलेल.

"म्हणजे गरीब व्हायचं," व्हर्ना म्हणाली,
"तेही पावत्या ठेवून."
स्टोबर्टसाहेब हसले नाहीत.
हे वाक्य या खुर्चीतून त्यांनी फार वेळा ऐकलंय.

मग ते दुसऱ्या अशिलाकडे गेले
आणि खोका माझ्या वाट्याला आला.
आमचं काम मुठी उघडायचं.
झाकलेल्या मुठीला इथे किंमत नाही,
सव्वा लाखाचीसुद्धा.

नातीच्या कॉलेजसाठी दिलेले चौदा हजार सापडले.
त्यांचे होतात दोन महिने,
ज्यांत सरकार एक सेंटही देणार नाही.
तिनं बोटांवर मोजलं:
मार्च. एप्रिल.
आणि ते बोट तसंच धरून ठेवलं थोडा वेळ.

तीन वर्षांपूर्वीच्या ऑगस्टात
विजेचं बिल तीनदा भरलेलं.
ऑक्टोबरात हार्डवेअरच्या दुकानात, एका आठवड्यात चारदा,
सव्वीस डॉलर एकोणनव्वद सेंट,
दर वेळी तेवढेच.
"बर्फाचं फावडं," ती म्हणाली.
"गराजमध्ये चार आहेत.
मला वाटलं, सेल असेल."
डॉक्टरांच्या कागदावरची तारीख
त्या फावड्यांनंतर दीड वर्षानं येते.
मी काही बोलले नाही. तीही ती तारीखच बघत होती.

राहता राहिले ते चाळीस डॉलर.
दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी, रोख,
ब्रॉडवेवरच्या मशीनमधून,
बेचाळीस महिने, एकही न चुकता,
त्याच्याकडून गाडीच्या किल्ल्या काढून घेतल्या तोवर.
विजेचं बिल विसरणारा माणूस
हा शुक्रवार कधी विसरला नव्हता.

काउंटीची बाई विचारेल. ती सगळंच विचारते.

"मलाही आत्ताच कळतंय," व्हर्ना म्हणाली.
घरच्या फोनवरून तिनं होमला फोन लावला असावा,
कारण दुसऱ्या दिवशी आली तेव्हा म्हणाली,
"विचारलं त्याला. तो म्हणाला, 'शुक्रवार',
आणि हसला.
तसं हसताना मी त्याला ऐकलेलं नाही."

मी म्हटलं, किराणा लिहू या, बरेच जण लिहितात.
"किराणा मी आणते."
मग मासेमारी? गळ, किडे, बिअर?
"पाण्याची भीती वाटते त्याला."

तिनं हातमोजे काढले, परत घातले.
"घर लिहिलंस," ती म्हणाली,
"बचत लिहिलीस, विमा लिहिलास,
माझ्या आईचे सहा चमचे लिहिलेस.
इथे लिही, माहीत नाही.
खरं आहे ते.
आणि त्याचं आहे."

मी टाइप केलं: माहीत नाही.
एवढ्या मोठ्या अर्जात पहिल्यांदाच
तिनं माझ्या खांद्यावरून वाकून वाचलं.

कागद मी ठेवून घेतले. खोका तिनं परत मागितला.
मीटरमध्ये अजून अकरा मिनिटं होती,
भरलेली,
म्हणून ती खिडकीशी उभी राहिली
आणि ती संपेपर्यंत बर्फ बघत राहिली.