रागावणं

आर्सलानबोबच्या रानात अक्रोड झोडताना पडलो
त्याला दोन हिवाळे झाले.
तेव्हापासून घरात सगळे हळू बोलतात,
जणू मी नुकतंच डोळा लागलेलं मूल.

कमरेखालचा मी आरशात पाहतो रोज,
टाचा, कुल्ले, कुठे लाल झालंय का;
शेजाऱ्याचं शेत राखावं तसा.

आज मुहय्यो गाईमागे गेलेली.
ओशहून आणलेली खुर्ची
उंबऱ्याशी अडली. तीनदा.
चौथ्यांदा पाठमोरा होऊन ओढली, चढलो.
किटली ठेवली. चहा ओतला.
हात चाकांना हवेत,
म्हणून पेला मांड्यांत धरून
तुतीखाली आलो नि प्यालो.
साखर जास्त झाली होती. मीच घातलेली.

संध्याकाळी तिनं पायजमा उतरवला:
मांडीवर फोड,
पेल्याच्या बुडाएवढा, वाटोळा.
मला पत्ताच नाही.

"अक्कल गहाण टाकलीस का रे, होशिमजान?
ती फळी काय शोभेला करून घेतली सुताराकडून?"
मलम लावत ती ओरडत राहिली,
ओढ्यापलीकडे ऐकू जाईल अशी.

मी मान खाली घालून बसलो.
हसू दिसू नये म्हणून.
दोन हिवाळ्यांत पहिल्यांदा
माझ्या हातून काही चुकलं होतं.

उद्या पेला फळीवर.
साखर एकच चमचा.