अवे

सेलूत, खताच्या दुकानाच्या माडीवर
साडेसातला माझा वर्ग भरतो.
फवारणीच्या औषधाचा वास जिन्यानं वर येतो
आणि जिनिंगचा भोंगा होईपर्यंत
दैवशालाची वाट बघावी लागते.
ती काट्यावर असते, कापसाच्या गाड्या मोजते.

आज फळ्यावर एकच शब्द: अवे.
म्हटलं, ह्याचा अर्थ लांब. दूर.
पण एकटा असतो तोवरच.
क्रियापदाशेजारी बसला की
त्याचं गाव बदलतं.

थ्रो अवे. मुंजाजी म्हणाले, दूर फेक.
नाही. फेकून दे.
गिव्ह अवे. देऊन टाक.
पुट अवे. ठेवून दे.
"म्हंजी सर, लांब कुठंय ह्याच्यात?"
मुंजाजी सव्वीस वर्षं एसटीत कंडक्टर होते,
अंतराचा हिशेब लागला नाही की त्यांना करमत नाही.

लांब कुठंय.
मी खडू बोटांत फिरवत राहिलो.
म्हटलं, आपल्याकडं एका क्रियापदाला
जे एकट्यानं उचलत नाही
त्याला दुसरं हात लावतं.
म्हणून तर आपण फेकताना देतो
आणि देताना टाकतो.
अझहरनं हे वहीत उतरवून घेतलं.
नको होतं. परीक्षेत येत नाही.

पास अवे सोपा गेला.
गेले, एवढंच म्हणतो आपण,
कुठं ते कुणी विचारत नाही.

"सर, पळायचं राहिलं."
दैवशाला. केसांत कापसाचे तंतू तसेच.
यादी माझीच होती,
गाळलं होतं तेही मीच.
लिहिलं: रन अवे.
पळून जाणे.

आमच्या घरात हे क्रियापद एकोणचाळीस वर्षं
नागूदादाच्या नावामागं लावलेलं आहे.
सोयरिकीच्या बोलण्यात,
तलाठ्याच्या तोंडात,
आईच्या उपासांत.
पळून गेला.

मी नऊ वर्षांचा, हापशावर होतो.
तो पळत नव्हता.
कॅनव्हासचे बूट रात्रीच धुतलेले, वाळले नव्हते,
पावलागणिक पचपच वाजत होते.
असल्या बुटांत कुणी पळत नसतं.
मला म्हणाला, बादली भरली बघ, वाहायली.
मी खाली बघितलं.
वर बघितलं तेव्हा तो हायब्रीडच्या पलीकडं,
स्टेशनच्या वाटेला.
चालत.

मी रन पुसलं. वॉक लिहिलं.
मुंजाजी म्हणाले, "कामून?"
म्हटलं, दोन्ही चालतं.

शब्द तोच, क्रियापद बदललं की माणूस बदलतो,
हे सांगायला वर्गात मला बावीस वर्षं मिळाली.
घरी आई
अजून पळणाऱ्याचीच वाट बघते,
दारात चप्पल वाजली की म्हणते,
दमला असंल.

साडेआठला जिन्यात अझहर थांबला.
शुक्रवारी हैदराबादहून त्याचं विमान,
दोन वर्षं कतारमध्ये एसी दुरुस्त करणार.
वही मला द्यायला निघाला होता,
मग परत काखेत घेतली.
म्हणाला, "जाके आता, सर."
मी मराठीत म्हटलं, ये.
इंग्रजीत काय म्हणतात ते
त्यानं विचारलं नाही, बरं झालं.
दैवशाला खालून ओरडली, रिक्षा थांबली बघ.

मी फळा पुसायला घेतला, सवयीनं डावीकडून.
थ्रो गेलं. गिव्ह गेलं. वॉकवर डस्टर दोनदा फिरवावा लागला.
तेवढ्यात खाली दुकानदारानं शटर ओढलं
आणि मेन स्विच बंद केला.
उजवीकडचं राहिलं तसंच,
एकाखाली एक.
सकाळी सातवीची मुलं येतील गणिताला,
पुसतील.