ओर्दान एकटाच आला

शरणपूर रोडला, एलिशा भालेरावच्या तळघरात,
तासाला साठ रुपये, चपला बाहेर,
भिंतीवर खडूनं लिहिलेलं: हरल्यावर रिमोट आपटू नये.
तिथे काल मला ओर्दान दिसला.

ओळखला तो उभं राहण्यावरून.
डावा पाय जरा मागे,
कायम कुणाला तरी वाट करून दिल्यासारखा.

मारामारीच्या नव्या गेममध्ये आणलाय त्याला.
कुठल्या कुठल्या खेळांतले पाहुणे जमलेत:
एक लोखंडी बाई, एक कुस्तीगीर अस्वल,
एक पोरगा, त्याच्या केसांना आग लागलेली असते आणि तो हसतो.
आणि चौकटींच्या रांगेत अगदी शेवटी ओर्दान,
लग्नात नवरदेवाकडचा लांबचा कुणी बसावा तसा.

तुम्हाला माहीत नसेल,
हा माणूस कधी कुणावर हात उचलत नसे.
त्याच्या मूळ खेळात पट होता, षटकोनांचा.
आपली पाळी, मग त्यांची,
मधे हवा तेवढा वेळ. मी चहा करून यायचे,
तो तिथेच, धुक्यात, पुलाच्या अलीकडे.
कुणाला कुठे ठेवायचं, एवढंच त्याचं शौर्य.
आणि गेलेला माणूस त्या खेळात परत यायचा नाही.
नाव राखाडी व्हायचं. बास.

अंबडला कंपनीत लागले ते वर्ष. सेकंड शिफ्ट.
बेअरिंग तपासायचे, चांगले इकडे, खोट असलेले तिकडे,
आणि रात्री बाराला घरी येऊन खेळायचं.
सतराव्या नकाशावर पिंगा गेली.
तिरंदाज. एक डोळा अधू.
माझ्याच चुकीनं पुलावर पुढे ठेवलेली.
मागचा सेव्ह होता. उघडला नाही.
त्याच महिन्यात सुपरवायझरनं विचारलं होतं,
तुम्हा दोघींत हळू कोण?
मी खरं ते सांगितलं.
प्रांजल अहिरे सोमवारी आली नाही.

आता ओर्दान उडी मारतो, गिरकी घेतो,
अस्वलाच्या पोटात गुडघा घालतो.
साठ सेकंद. विचाराला सवड कुणाला?
मरतो, आणि लगेच टुणकन उभा,
जिवाची पट्टी काठोकाठ.
मला कसंसंच झालं,
हेडमास्तरांना गॅदरिंगमध्ये नाचताना बघावं तसं.
जिंकल्यावर मात्र तेच जुनं वाक्य, त्याच थकलेल्या आवाजात:
"सगळे आले का? मोजा."
पडद्यावर दुसरं कुणी नव्हतं.

शेजारच्या खुर्चीतला वाजिद, नववीतला, म्हणाला,
ताई, आधी मार खा, निळी पट्टी भरू दे,
मग खाली-खाली आणि दोन बटणं एकदम.
दाबली.
सगळं थांबलं. अस्वल हवेत तसंच.
ओर्दाननं हात वर केला, आणि त्याच्या मागे
सेकंदभर, कदाचित तेवढंही नाही, सैन्य उभं राहिलं.
वाजिदला नुसता उजेड दिसला. अर्धा जीव गेला अस्वलाचा, म्हणाला.
मला दुसऱ्या रांगेत, डावीकडून तिसरी,
मान वाकडी करून नेम धरणारी दिसली.
पिंगा.
कुणी काढली असेल सवयीनं, जुन्या चित्रांवरून.
त्याला काय ठाऊक, माझ्याकडे ती मेलेली आहे.

माझे हात सुटले.
अस्वलानं ओर्दानला उचलून आपटलं, तीनदा.
"ताई, झोपलात काय?"
आणखी साठ रुपये दिले.
मार खाल्ला, पट्टी भरली, खाली-खाली, दोन बटणं.
अकरा वेळा हरले,
फक्त ती रांग उभी राहावी म्हणून.
एलिशानं एकदा डोकावून पाहिलं, काही बोलला नाही.

बाहेर डिसेंबर. कॅनडा कॉर्नरला एक रिक्षा नाही,
गंगेकडून कानात शिरणारा वारा.
फोनमध्ये 'प्रांजल लाइन ३' अजून आहे.
सिन्नरला असते म्हणे, कापडाच्या दुकानात.
पावणेअकरा. फोन करायला उशीर झालाय
की नाही झालेला,
सिग्नल सुटला, परत लागला, तरी मी तिथेच,
डावा पाय जरा मागे ठेवून.