आवक क्रमांक

नॅकची समिती यायची होती तेव्हा लावली ती पाटी:
समान संधी कक्ष.
आत कबड्डीच्या मॅट, तीन पायांचं टेबल.
किल्ली माझ्याकडे, कारण मॅट मीच मोजतो.

आज सुरमी पावरा आली. धडगावकडची,
बीएस्सी दुसरं वर्ष, रसायनशास्त्र.
कागद पुढे सरकवला, दोन्ही बाजूंनी लिहिलेला:
तोंडी परीक्षेत सरांनी आधी आडनाव विचारलं,
मग म्हणाले, तुम्हाला काय, तुम्ही पासच असता,
आणि जर्नल न उघडता परत दिलं.
तारीख, वेळ, शेजारी कोण उभं होतं, सगळं.
खाली नियमाचं कलम,
जे या ऑफिसात कुणी वाचलेलं नाही. मीसुद्धा.

म्हटलं, कसाले वं पोरी?
प्रॅक्टिकलचे मार्क त्यासनाच हातमा शेतस.
तिला अहिराणी कळते.
उत्तर मात्र तिनं अर्जाच्या मराठीत दिलं:
"पोच द्या."

बाहेर पपईचा ट्रक गेटात अडकून
हॉर्नवर हॉर्न देत होता.
शिक्क्याचं पॅड वाळलेलं. पाण्याचे दोन थेंब टाकले.
माझीही वही एकदा अशीच परत आली होती, धुळ्याला.
कोरी पानं मी दुधाच्या हिशेबाला वापरली,
बरीच वर्षं पुरली.

एकशे तेरा: पंखा दुरुस्तीचं बिल.
एकशे चौदा: सुरमी पावरा, भेदभावाची तक्रार.
"भेदभाव" लिहिताना पेन जरा अडला.

तिनं शिक्क्याचा फोटो काढला,
विचारलं, कक्ष कोणता?
मी किल्ली घेतली.
मॅट जड असतात.
दुसरं टोक तिनं धरलं.